एका ओळीत बहात्तर वर्तुळं

ठाकुर्लीत राहून विजेचं गणित करायला बसलं की जुनं पॉवरहाऊस आठवणारच. जीआयपी रेल्वेने उभारलेलं, कोळशावर चालणारं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कल्याणपुढच्या घाटातल्या गाड्या विजेवर गेल्या त्या त्याच्या जिवावर. गुरोबी या सॉल्व्हरच्या पायथन लायब्ररीत वर्गमर्यादा लिहायच्या होत्या, तेव्हा मी मनानेच तिथे तीन जनित्रं बसवली आणि दिवसाचे २४ तास धरले.

जनित्र दोन प्रकारची शक्ती देतं : काम करणारी 'पी' आणि नुसतीच ये-जा करणारी 'क्यू'. दोघी काटकोनात, म्हणून बेरीज वर्गांची. ती यंत्राच्या क्षमतेच्या, म्हणजे 'एस'च्या, वर्गाबाहेर जाता कामा नये. कागदावर काढलं तर भरीव वर्तुळ. (खऱ्या यंत्राला वाइंडिंग तापण्याच्या मर्यादाही असतात, त्या मी सोडल्या.) आता ती ओळ :

एम.अ‍ॅडकॉन्स्टर(पी**२ + क्यू**२ <= एस**२)

देवनागरीत ती चालणार नाही, वाचायला मात्र हरकत नाही. 'पी' आणि 'क्यू' २४ बाय ३ चे तक्ते आहेत, 'एस' तीन आकड्यांची यादी. ओळ एक, मर्यादा ७२. २०२२ मधल्या दहाव्या आवृत्तीच्या आधी इथे तासांचं एक आणि यंत्रांचं एक अशी दोन आवर्तनं लिहावी लागत, आणि त्यात वर्तुळ कुठच्या कुठे हरवायचं. इथे ते उघड्यावर आहे. पाठ्यपुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं.

खरी गोडी त्या दोन ताऱ्यांत आहे. त्यांच्या जागी, एका यंत्राच्या २४ तासांच्या यादीवर, 'पी @ पी' लिहा. तेही वर्गच, पण सगळ्या तासांचे वर्ग एका पोत्यात ओतले जातात आणि २४ मर्यादांची एकच उरते. गाडीच्या एकूण क्षमतेवर बंधन घातलं आणि डब्याडब्यावर घातलंच नाही तर काय होतं, हे सकाळी ठाकुर्लीला स्लो लोकलमध्ये शिरू पाहणाऱ्याला सांगायला नको.

तुलनेचं चिन्हही तितकंच महत्त्वाचं. '<=' म्हणजे वर्तुळाच्या आतलं सगळं, बहिर्वक्र, सॉल्व्हरला सोपं. '==' केलं की नुसता काठ उरतो आणि सोपेपणा संपतो. एका चिन्हाचा फरक.

तरी या ओळीला मी निर्दोष म्हणणार नाही. 'एस'चे तीन आकडे ती मुकाट्याने शेवटच्या बाजूला, म्हणजे यंत्रांना, लावते. तास २४ असताना चूक पकडली जाते, कारण आकार जुळत नाहीत. मी चाचणीसाठी तीनच तास घेतले होते, आणि यंत्रांऐवजी तासांच्या हिशेबाने केलेली यादी दिली. तीन बाय तीन, सगळं जुळलं, उत्तरही आलं, चुकीचं. एवढ्या थोडक्यात बोलणारी ओळ आपली चूकही तितक्याच थोडक्यात पचवते.

उत्तर आल्यावर त्याच ओळीने परत दिलेल्या वस्तूला शिल्लक विचारली. २४ बाय ३ चा तक्ता आला. पहाटेच्या ओळींत भरपूर मोकळीक होती. माझ्याच मागणीत संध्याकाळी सहा ते नऊ भार जास्त धरला होता; तिथे तिन्ही रकान्यांत शून्याला टेकलेले आकडे.