भुताला अंग हवं

२०२४च्या जूनमध्ये ‘मुंज्या’ चालला, ऑगस्टमध्ये ‘स्त्री २’ने तिकीटबारीवर धुमाकूळ घातला आणि सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा लागून २०१८च्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त कमावून गेला. तेव्हापासून एकच पालुपद ऐकून कान किटले आहेत: आपला भयपट आता शहाणा झाला, रामसे बंधूंच्या चिखलातून एकदाचा बाहेर पडला. परिसंवादात हेच, रविवारच्या पुरवण्यांत हेच आणि सिनेमा शिकायला बाहेर पडलेल्या आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या पोरांच्या तोंडीही हेच. मला हे साफ नामंजूर आहे. या तीन चित्रपटांना एका माळेत ओवणं हीच पहिली गफलत आहे. दुसरी त्याहून मोठी: रामसेंकडे जे होतं ते आज कुणाकडे आहे का, हे तपासण्याआधीच आपण त्यांना पुरून मोकळे झालो.

रामसेंची हकीकत ठाऊक असलेल्यांनाही तिचा एक भाग पुन्हा सांगावा लागतो, कारण सगळं सौंदर्यशास्त्र तिथेच आहे. फत्तेचंद रामसे कराचीत रेडिओचं दुकान चालवत होते. फाळणीनंतर ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला आले. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ काढला आणि तो पडला. पण त्यात एक चोरीचा प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून संग्रहालयात शिरतात. तुलसी आणि श्याम या भावांनी थिएटरात बसून पाहिलं, की लोक तेवढ्या प्रसंगापुरते ताठ होऊन बसतात. चित्रपटातलं बाकी सगळं त्यांनी टाकून दिलं आणि तो मुखवटा ठेवला. दोन वर्षांनी महाबळेश्वरला बिऱ्हाड हलवून साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ झाला. गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, अर्जुन एडिटिंगला, कुमार लिखाणाला, तुलसी-श्याम दिग्दर्शनाला, आणि स्वयंपाक घरातल्या बायकांकडे. सात भावांनी सिनेमा पुस्तकावरून शिकून घेतला होता. वडिलांनी जोसेफ मॅसेलीचं छायाचित्रणावरचं पुस्तक त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

पैसे नसले की काय काय उरतं, ते बघा. जागा उरते, कारण सेट परवडत नाही. मग महाबळेश्वरचं धुकं खरंखुरं येतं, मुरूडच्या नवाबाच्या वाड्याचे जिने येतात, खऱ्या भिंतींना आलेली ओल येते. माणूस उरतो, कारण यांत्रिक राक्षस परवडत नाही. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, रुडकीहून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला उंचापुरा गृहस्थ. त्याचं धड एकीकडे, शिर दुसरीकडे, मधे दोनशे वर्षं. आणि मग ते शिर धडाला येऊन मिळतं. प्रसंग पुन्हा नीट पाहा. गळ्यापाशी मेकअपची कड दिसते. लाल डोळे चमकतात, म्हणजे दिवा नेमका कुठे ठेवलाय तेही कळतं. कोपऱ्यातून कुणीतरी पंख्याने सुकी पानं उडवतंय, तेही कळतं. तरीही तो जिना उतरू लागला की पायरी दबते, सावली भिंतीवर आधी पोचते आणि नायिकेच्या खांद्यावर पडलेला हात खरोखर तिचा खांदा खाली दाबतो. खांदा दबलेला दिसतो म्हणून आपलाही दबतो. मेकअपची कड दिसते म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तो हात दिसतच नाही.

मी हे चित्रपट शाहूपुरीतल्या एका टॉकीजला पाहिले, स्टॉलमध्ये, गुळाच्या बाजारातल्या हमालांच्या आणि कॉलेज बुडवलेल्या पोरांच्या मधे. ‘पब्लिक’ हा शब्द तेव्हा कुणी तुच्छतेने उच्चारत नसे. पडद्यावर दार करकरलं, की पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने नायिकेला सावध करी, दुसरा त्याला गप्प करी आणि मग अख्खं थिएटर एकदम गप्प होई. ती शांतता विकत घेता येत नाही. ती टॉकीज आता बंद आहे. व्हीनस थिएटरही कधीच बंद पडलं. चौकाला मात्र व्हीनस कॉर्नर हेच नाव राहिलं.

हीच गोष्ट थोडी आधी सात समुद्रांपलीकडे फिलिपिन्समध्ये घडत होती, आणि तिच्याकडे पाहिलं की आपलं दारिद्र्य नेमकं कुठे आहे ते कळतं. तिथले दोघे, हेरार्डो दे लेओन आणि एडी रोमेरो. १९५९चा ‘टेरर इज अ मॅन’: शस्त्रक्रियेचा भीषण प्रसंग यायच्या आधी थिएटरात घंटा वाजे, नाजूक मनाच्यांनी डोळे मिटावेत म्हणून. मग ‘ब्लड आयलंड’चे चित्रपट. ‘मॅड डॉक्टर ऑफ ब्लड आयलंड’ला प्रेक्षकांच्या हाती हिरव्या रक्ताची पुडी देऊन पडद्यावरून शपथ घ्यायला लावत. राक्षस आला की कॅमेरा धापा टाकल्यासारखा सारखा पुढे-मागे झूम होई. अमेरिकी पैसा स्वस्त जंगल आणि स्वस्त मजूर शोधत तिथे आला होता, पुढे निर्माता रॉजर कॉर्मनही आला. त्यात शोषण होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण दे लेओनचा ‘द ब्लड ड्रिंकर्स’ बघा. रंगीत फिल्म महाग, म्हणून काही भागच रंगीत आणि उरलेला काळा-पांढरा, त्यावर निळ्या-लाल रंगाची झाक. टंचाईतून आलेली ती झाक अशी काही चढते, की पिशाच जवळ आलं की अख्खी चौकट रक्ताळते. भरपूर फिल्म असती तर हे सुचलंच नसतं.

फिलिपिन्सने या दोघांना राष्ट्रीय कलावंत म्हणून गौरवलं: दे लेओनना १९८२ साली, मृत्यूनंतर, आणि रोमेरोंना २००३ साली. सन्मान त्यांच्या सगळ्या कामाचा होता, हे खरं. पण भयपट काढले म्हणून त्यांना कुणी पंगतीतून उठवलं नाही. आपल्याकडे तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. ‘मुंज्या’ लागायच्या दोन महिने आधी, एप्रिल २०२४ मध्ये, गंगू रामसे गेले. भयपट शहाणा झाल्याचा गजर ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी त्या अंधाराला उजेड देणारा छायाचित्रकार गेला आणि दोन्ही बातम्या एकत्र ठेवून वाचाव्यात असं फारशा कुणाला वाटलं नाही.

कोल्हापूरच्या माणसाने तरी असं वागू नये, कारण ही परंपरा आपल्या दारातून निघाली आहे. १९२०च्या ‘सैरंध्री’त बाबूराव पेंटरांनी कीचकाचा वध दाखवला, आणि तो इतका हुबेहूब, की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरचं लक्ष त्या दृश्याकडे गेलं. मराठी मुलखातल्या एका मोठ्या स्टुडिओची कारकीर्द अशा वधाने सुरू होते, आणि आपण ती केवळ कॅमेरा बांधणाऱ्या कलामहर्षीची पुण्यकथा म्हणून सांगतो. तो माणूस चित्रकार होता, शिल्पकार होता. शरीराचं वजन त्याला हाताने ठाऊक होतं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांतारामबापूंनी १९३४ साली पुण्यात ‘अमृतमंथन’ केला. मशालींच्या उजेडातली देवी, बळी, आणि चंद्रमोहनचा पडदाभर पसरलेला तो डोळा. अभ्यासक्रमात याला जर्मन प्रभाव म्हणून शिकवतात. असेल. पण मी याला भयपट म्हणतो, आणि सामरीचे डोळे याच डोळ्याच्या कुळातले आहेत.

मधल्या काळाचा हिशेब पटकन संपतो. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) मनाच्या आजाराकडे वळला आणि गाण्यांनी तरला. ‘झपाटलेला’ (१९९३) विनोदी म्हणून लक्षात राहिला, पण रामदास पाध्यांच्या हातातला तात्या विंचू जेव्हा मान वळवतो, तेव्हा पोरं आईच्या पदराआड जात, कारण तो बाहुला खरोखर त्या खोलीत होता. रामगोपाल वर्मांचा ‘रात’ चांगला, ‘भूत’ म्हणजे नुसते आवाज. ‘राज़’ आणि त्याची पिल्लं गाण्यांच्या कॅसेटी होत्या. मोहन भाक्रींचे चित्रपट रामसेंची उतरलेली कापडं.

‘लपाछपी’ (२०१७) वर मात्र थांबायला हवं. विशाल फुरियाने थोडक्या पैशांत तो केला आणि वाड्याऐवजी ऊस निवडला. आमच्या भागात उसाच्या फडात शिरलेल्या माणसाला ठाऊक असतं, की चार पावलांवर वाट संपते, पाती हाताला कापतात आणि वारा नसतानाही आत काहीतरी सळसळत असतं. ती भीती पडद्यावर आणायला एक कॅमेरा आणि एक गरोदर बाई पुरली. उषा नाईकांच्या तुळसाबाईचं नुसतं बोलणं अंगावर येतं. शेवटी चित्रपट स्त्रीभ्रूणहत्येचा धडा शिकवायला उभा राहतो तिथे माझा उत्साह मावळतो. धडा खरा आहे, पण उसाने तो आधीच सांगितला होता. त्याच कथेवर २०२१ मध्ये हिंदी ‘छोरी’ झाला. तोच दिग्दर्शक, तोच ऊस, जास्त पैसा. आणि फड नीटनेटका झाला. भीती नीटनेटकेपणात मरते.

आता ‘मुंज्या’. आदित्य सरपोतदारांचं कोकण बघायला छान आहे, आजी-नातवाचं नातं जिव्हाळ्याचं आहे, आणि चित्रपट शंभर कोटींच्या पुढे गेला. पण मुंज्या कुठे आहे? तो संगणकावर झालाय. त्याच्या वजनाने फांदी वाकते तीही संगणकावर, आणि नायक घाबरतो तो समोर नसलेल्या कशाला तरी बघून. चेहऱ्यावरचं ते घाबरणं अभिनय म्हणून ठीक आहे. पण खांदा दबत नाही. मुंज्याची भीती आपल्याकडे पारावरच्या पिंपळाशी बांधलेली होती, विशिष्ट झाडाशी, विशिष्ट वळणाशी. अशा भुताला नेमकी जागा आणि अंग नाकारून कोट्यवधींचं तंत्र बहाल करायचं, ही प्रगती मला समजत नाही. ‘स्त्री’मालिकेत तर भूत फक्त विनोद आणि संदेश यांच्यामधला टपालवाला आहे.

आणि ‘तुंबाड’? तो या सगळ्यांच्या पंक्तीत बसतच नाही. राही बर्वेंनी खऱ्या पावसासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. सासवडचा जुना वाडा आहे. शापाने जगत राहिलेली ती म्हातारी म्हणजे मोहम्मद समद हा मुलगा, रबराच्या कातडीखाली तासन् तास बसवलेला. नारायण धारपांच्या कथेचं बीज, जागा, पाऊस, आणि थराथराने चढवलेलं अंग. हे रामसेंचंच शास्त्र आहे, फक्त त्याला वेळ मिळाला. ‘तुंबाड’ आवडणाऱ्याने सामरीला हसणं म्हणजे नातवाचं कौतुक करून आजोबांना ओळख न देणं.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळणार नाही. रामसेंच्या चित्रपटांत न्हाणीघरातली नायिका असते ती तिकिटं खपवायला. ते तेव्हाही विकाऊ होतं आणि आजही पाहताना मान खाली जाते. फिलिपिन्सच्या चित्रपटांत तर याहून वाईट आहे. पण याच ‘पुराना मंदिर’चा शाप काय आहे ते आठवा. राजघराण्यातल्या मुली बाळंतपणात मरतील. पुरुषांच्या वैराची किंमत पिढ्यान्पिढ्या बायका बाळंतिणीच्या खाटेवर मोजतात. १९८४ साली स्टॉलमध्ये बसलेल्या कितीतरी जणांच्या घरात अशी एक आत्या, एक मावशी भिंतीवरच्या तसबिरीत होती. चित्रपटाने त्यावर भाषण केलं नाही. खाट दाखवली, किंकाळी ऐकवली आणि पुढे गेला. त्या प्रेक्षकाला जे कळायचं ते कळलं. आजचे संदेशवाले चित्रपट त्याला एवढीही अक्कल आहे असं मानत नाहीत. सगळं दोनदा समजावून सांगतात.

माझं भांडण खरं इथेच आहे. भयपटाची प्रतिष्ठा वाढली असं जेव्हा म्हणतात, तेव्हा त्याचा प्रेक्षक बदलला एवढंच त्यात खरं असतं. हमालांच्या रांगेतून भयपट उठला आणि मॉलमध्ये गेला. तिकीट महाग झालं, भूत हलकं झालं. नव्या प्रेक्षकाला भीती नको असते, आपण घाबरलो नाही याची खात्री हवी असते. म्हणून दर दहा मिनिटांनी विनोद. रामसेंनी विनोद वेगळा ठेवला होता, जगदीपच्या उपकथेत, कथेपासून पार लांब. सामरीच्या खोलीत कुणी विनोद करत नसे.

आणि हे सगळं कोल्हापुरात बसून लिहिताना जास्त टोचतं. जयप्रभा स्टुडिओच्या जागेसाठी २०२२ मध्ये इथली सिनेमावाली माणसं रस्त्यावर बसली, ते योग्यच होतं. पण स्टुडिओ वाचवायचा तो कशासाठी, याचं उत्तर आपल्याकडे फक्त जुन्या फोटोंत आहे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आज साचे काढणारे, बोटाने पापणीची घडी बसवणारे, रंगाने कातडी जिवंत करणारे हात आहेत. मोरेवाडीला चित्रनगरी आहे. पन्हाळ्याचं धुकं महाबळेश्वरहून कमी नाही. पडके वाडे आहेत, ऊस तर चहूकडे आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आज जे निघतं ते गंगू रामसेंना १९७२ साली महाबळेश्वरच्या अंधारात मिळालं नसतं. तरी आपली पोरं मुंबईत जाऊन संगणकावर पिशाच बनवायचं काम शोधतात आणि गावी आली की रामसेंची टिंगल करतात.

बाबूराव पेंटरांच्या नावाने चालणाऱ्या इथल्या फिल्म सोसायटीला माझी जाहीर विनंती आहे. कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इराण आणि पोलंड दाखवा, जरूर दाखवा. पण पुढच्या वेळी एक अख्खा दिवस या चित्रपटांना द्या: ‘अमृतमंथन’, ‘द ब्लड ड्रिंकर्स’, ‘पुराना मंदिर’, ‘लपाछपी’, याच क्रमाने. प्रवेश स्वस्त ठेवा आणि कुंभार गल्लीतल्या कारागिरांना पुढच्या रांगेत बोलवा. चर्चा नंतर करू.