सावित्रीचा उपास आणि रुरूचं अर्धं आयुष्य

मंडळी, चांदीपला यायचं ठरलं, तेही ज्येष्ठात, तेव्हा विषय वटपौर्णिमेचाच निघणार हे आम्ही धरूनच आलो होतो. येताना विरारच्या बाजारात वडाच्या फांद्या विकायला मांडलेल्या दिसल्या. फांदी घरी न्यायची, कुंडीत खोचायची नि तिलाच सूत गुंडाळायचं. झाड ओरबाडलं म्हणून टीका होते, ती रास्तच आहे. पण आज आम्हाला फांदीबद्दल नाही, कहाणीबद्दल बोलायचं आहे.

उपास करणाऱ्या बायकांना हसणाऱ्यांतले आम्ही नाही. नवी साडी, चार मैत्रिणी, घरातून तासभर सुटका. हे कोणी काढून घ्यावं असं आम्ही म्हणणार नाही. तक्रार आहे ती वडाखाली सांगितल्या जाणाऱ्या सावित्रीबद्दल. ती फार लहान करून सांगितली जाते.

वनपर्वातली सावित्री काढून बघा. बाप सांगतो, तुझा वर तूच शोध. आणि ही रथात बसून निघते. सत्यवान वर्षभरात मरणार हे नारद सांगतात, तरी निवड बदलत नाही. तीन रात्रींचं व्रत तिथे आहे, पण त्या व्रताने यम थांबत नाही. तो येतो, प्राण घेऊन चालू लागतो. ही मागोमाग चालते आणि बोलते. सासऱ्याचे डोळे, सासऱ्याचं राज्य, बापाला शंभर पुत्र, मग स्वतःला शंभर पुत्र. आणि तिथे यम अडकतो, कारण नवऱ्याशिवाय पुत्र कुठले? म्हणजे नवरा परत आला तो तिच्या वाणीने. वडाची पूजा या आख्यानात नाही, सात जन्मांची मागणीही नाही. आपण तिची बुद्धी वगळली नि उपास तेवढा ठेवला.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’त विचारलं होतं की, बायकोच्या प्राणासाठी यमाच्या वाटेला गेलेला पुरुष कोणी ऐकलाय का? प्रश्न बिनतोड. तरी महाभारतातच एक रुरू आहे, आदिपर्वात. लग्नाआधीच प्रमद्वरा साप चावून मेली, तर याने आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला उठवलं. आता सांगा, रुरूच्या नावाने कुठल्या गावात पुरुष उपाशी राहतात? गोष्ट होती, तिचं व्रत मात्र कोणी केलं नाही. व्रत कोणाच्या गळ्यात घालायचं हे पोथी ठरवत नाही, आपण ठरवतो.

आणि याचा खरा मार बसतो तो विधवेवर. उपासाने नवऱ्याचं आयुष्य वाढतं असं एकदा मानलं, की ज्याचं वाढलं नाही त्याच्या बायकोचं काहीतरी चुकलं, हा हिशेब आपोआप येतो. तोंडाने कोणी म्हणत नाही, पण हळदीकुंकवाचं बोलावणं बंद होतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठराव चांगलाच. पण वडाखाली ग्रामसभा नसते, तिथे शेजारणी असतात.

गेल्या वर्षी जिने फेऱ्या मारल्या आणि मधे जिचा नवरा गेला, ती यंदा वडाकडे आली तर तिच्या ओटीत आंबा कोण घालणार? यावर समोर बसलेल्या ताई-मावश्यांनी बोलावं. आम्ही आता खाली बसून ऐकतो.