एका दोरीत मावणारी रास

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, इकडे ब्रह्मपुरी-नागभीड आणि तिकडे वडसा-आरमोरी, धानाचे पुंजणे मोडून चुरणी सुरू झाली की खळ्याखळ्यावर राशी उभ्या राहू लागतात. आपण जरा वेळ तिथे थांबून पाहावे. सुपातून ओघळणारे दाणे आधी नुसते पसरतात, मग एकमेकांवर रेलत वर चढतात आणि एका क्षणी रास आपला उतार ठरवून टाकते. त्यानंतर वरून कितीही ओता, दाणे घरंगळत पायथ्याशी जातात, रास थोराड होते, पण तिचा उतार काही बदलत नाही. पाण्यासारखे वाहायचे आणि तरीही दगडासारखे उभे राहायचे, हे दाण्यांच्या राशीलाच साधते.

या उताराकडे ११५० साली भास्कराचार्यांनी किती बारकाईने पाहिले होते, ते ‘लीलावती’तल्या राशिव्यवहारात कळते. लाकूड कापण्याचे गणित सांगणारा क्रकचव्यवहार संपला की हे छोटेसे प्रकरण येते. सागवान आणि धान या दोहोंवर जगणाऱ्या मुलखाला हा शेजार आपलाच वाटावा. नियम असा, की राशीचा परीघ मोजावा आणि धान्य जाड असेल तर त्याचा दहावा, बारीक असेल तर अकरावा, कुसळाचे असेल तर नववा भाग ही उंची समजावी. म्हणजे हरभरा दहावा, मोहरी अकरावा आणि आपले धान नववा!

या नवव्या हिश्शापाशी मला फार रेंगाळावेसे वाटते. मूठभर धान तळहातावर चोळून पाहा. तुसाची ती खरखर, त्यात दडलेल्या सिलिकेचा तो कोरडा करकरीतपणा बोटांना लगेच जाणवतो. मोहरी गोल आणि गुळगुळीत, म्हणून ती निसटते आणि पसरट बसते. धानाचा दाणा शेजाऱ्याला धरून ठेवतो, म्हणून त्याची रास उंच. नववा हिस्सा धरून कोन काढला तर तो सुमारे ३५ अंश येतो, मोहरीचा ३० च्या आत-बाहेर. पदार्थाचा स्पर्श आणि त्याचे घनफळ यांची गाठ एका साध्या अपूर्णांकात मारली गेली आहे, आणि तीही अशी, की राशीच्या पोटात काठी खुपसून ती विस्कटायची गरज उरू नये.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वेचून ज्याची जात घडवली, ते एचएमटी धान तर नाजूक, बारीक दाण्याचे. मग त्याला अकरावा हिस्सा लावायचा का? माझ्या मते नाही. जोवर तूस अंगावर आहे, तोवर ते कुसळाच्याच पंगतीत बसणार.

पुढची पायरी आणखी देखणी. परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. शंकूच्या घनफळात तीनने भागावे लागते आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळात पाय येतो. पाय म्हणजे ठोक ३ धरला की ते दोन्ही तीन एकमेकांना खाऊन टाकतात आणि खळ्यावर भागाकाराची कटकटच उरत नाही. याच ग्रंथात ३९२७ भागिले १२५० इतका सूक्ष्म पाय देणाऱ्या माणसाने इथे तो जाणून बाजूला ठेवला. त्यामुळे खऱ्या शंभराचे जवळजवळ एकशे पाच होतात खरे. रास विकणारा हसेल, घेणारा कुरकुरेल, पण अंदाजासाठी एवढे चालते. परीघ १८ हात असेल तर उंची २ हात; सहावा भाग ३, त्याचा वर्ग ९, दुणे १८. घनफळही १८ घनहस्त!

शिवाय भिंतीला टेकलेली रास, खोलीच्या कोपऱ्यात सारलेली रास, घराच्या बाहेरच्या कोनाला बिलगलेली रास, या तिघींचाही विचार त्यांनी केला आहे. अर्धी, पाव आणि पाऊण. दिसणारा परीघ अनुक्रमे दोन, चार आणि एक-तृतीयांशासह एक यांनी गुणून मनात रास पूर्ण करायची, घनफळ काढायचे आणि त्याच संख्येने पुन्हा भागायचे. कोठीघर पाहिलेल्या माणसालाच हे सुचते.

आपल्या भाषेनेही ही रास जपली आहे. पायली काठोकाठ भरल्यावर वर जो इवलासा शंकू उभा राहतो, ती शीग. उत्साह शिगेला पोचतो तो याच टोकावर. तिथे आणखी एक दाणा टाकला तर तो खाली घरंगळतो.

यंदा चुरणीच्या दिवसांत खळ्यावर गेलात तर एक सुतळी बरोबर न्या. राशीला वेढा घालून ती तेवढीच कापा, तिची तिपदरी घडी घाला, त्या घडीची पुन्हा तिपदरी घडी घाला आणि राशीशेजारी उभी धरून टोकाशी नजर लावा.