भय आणि दचका

भयपट आणि रहस्यपट हा करमणुकीचा हलका प्रकार, असे म्हणून त्याची बोळवण करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. वस्तुतः आपल्या साहित्यशास्त्राने भयानकाला इतर रसांच्या पंक्तीत मानाचे पान वाढलेले आहे. भरताच्या आठ रसांत भयानक आहे आणि भय हा त्याचा स्थायी भाव आहे. त्याच नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत ‘त्रास’ म्हणून एक वेगळा भाव सांगितला आहे. वीज कडाडली, मेघ गर्जला, भूमी हादरली की अंग एकाएकी शहारते, तो त्रास. भय मनात मुक्काम करते. त्रास आला तसा निघून जातो. आधुनिक भयपटाचे गुणदोष तपासण्यास हा एकच भेद पुष्कळ उपयोगी पडतो.

आजचा भयपट त्रासाच्या कलेत कमालीचा निष्णात झाला आहे. पडद्यावर शांतता पसरवायची, प्रेक्षकाचे कान आसुसू द्यायचे आणि मग कर्कश ध्वनीचा एक तडाखा द्यायचा, हे तंत्र आता कोणत्याही होतकरू दिग्दर्शकाच्या हाती आहे. त्याचा एक गाजलेला मूळ नमुना म्हणजे झाक तूर्नरचा ‘कॅट पीपल’ (१९४२). निर्जन रस्त्याने चाललेल्या स्त्रीच्या मागे कोणी आहे अशी शंका दाटत जाते आणि अचानक फुसकारत येऊन थांबते ती साधी बस! परंतु तेथे आधीच्या त्या वाटचालीने भय पिकवलेले होते. दचका हे त्याचे केवळ फळ होते. आज पुष्कळदा झाड लावल्यावाचूनच फळ तोडण्याची घाई दिसते. दहा वेळा दचकलेला प्रेक्षक घरी जाऊन स्वस्थ झोपतो, याचे कारण हेच.

दुसरा घोटाळा भयानक आणि बीभत्स यांचा. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) यांसारख्या चित्रपटांनी विद्रूप मुखवटे, धुके आणि पडके वाडे यांचा जो बाजार मांडला, त्याला एक भाबडा जोम होता हे मान्य केले पाहिजे. पण सडलेला चेहरा पाहून मनात उठते ती जुगुप्सा. ती भयाची शेजारीण असेल, भय नव्हे.

मग भय कोठून येते? भरताने त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: व्याजातून, म्हणजे बतावणीतून येणारे, अपराधातून येणारे आणि भेडसावण्यातून येणारे. हे वर्गीकरण थोडे सैल करून आजच्या चित्रपटांना लावून पाहावे.

भेडसावण्याचा प्रकार वर आलाच. व्याजाचे उदाहरण आम्हां जयपूरकरांच्या अगदी शेजारचे आहे. प्रियदर्शन यांच्या ‘भूलभुलैया’चे (२००७) चित्रण जयपूरजवळच्या चौमूँच्या महालात झाले. फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळ्’ (१९९३) या मल्याळम चित्रपटाचा हा हिंदी अवतार. महालात भूत नाही. एका स्त्रीच्या दुभंगलेल्या मनाने मंजुलिकेचे रूप घेतले आहे, आणि तिला बरे करण्यासाठी रचलेला उपायही एक प्रकारचे नाटकच आहे. हवेलीचे रहस्य मनाच्या तळघरात नेऊन ठेवणे, ही या कथेची मोठी कमाई होय. हिंदी रूपात विनोदाची भाऊगर्दी फार झाली आणि त्या स्त्रीच्या वेदनेला हवा तेवढा अवकाश उरला नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, २०२२ साली आलेल्या दुसऱ्या भागाने मंजुलिकेच्या नावाभोवती सरळसरळ खरे भूत उभे केले. मनापर्यंत पोहोचलेली वाट पंधरा वर्षांत पुन्हा स्मशानाकडे वळली.

परंतु खरे टिकाऊ भय अपराधातून उगवते, असे मला वाटते. निशिकांत कामत यांचा गोव्यात घडणारा ‘दृश्यम’ (२०१५) पाहा. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटावर तो बेतलेला आहे. केबलचा धंदा करणारा, चित्रपट पाहून शहाणा झालेला एक गृहस्थ आपल्या कुटुंबासाठी खोट्या दिवसाची साक्ष उभी करतो. लोकांच्या स्मरणात दृश्ये पेरता येतात, ही कल्पना कोणत्याही पिशाचाहून अधिक अस्वस्थ करणारी आहे. मात्र येथे मेलेला मुलगा इतका दुष्ट रंगवला आहे की प्रेक्षकाच्या सदसद्विवेकाला काही कामच उरत नाही. अपराध आहे, पण त्याचे वजन हलके केले आहे. रहस्यपटाची ही नेहमीची तडजोड आहे.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) ती तडजोड केली नाही. एक गर्भवती स्त्री उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात येऊन पडते. ऊस हे आपल्याकडे समृद्धीचे चिन्ह. त्याच हिरव्या भिंतींचा येथे तुरुंग झाला आहे. स्त्रीभ्रूणहत्येचे पाप त्या फडात दडलेले आहे, आणि भूत जितके भिववते त्याहून घरातली माणसे अधिक भिववतात. उत्तरार्धात उलगडा लांबतो आणि जे आपण शहारून समजलो होतो तेच पुन्हा समजावून सांगितले जाते, हा दोष आहे. तरी मराठी मातीतले भय मराठीतच बोलले, हे त्याचे श्रेय मोठे.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’बद्दल (२०१८) नेमके हेच म्हणता येत नाही. नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारे नाव, १९१८ ते १९४७ चे कोकण आणि पुणे, अखंड कोसळणारा पाऊस: सारे साहित्य मराठी घरातले. आणि वाडा मात्र हिंदी बोलतो! परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विशेष टोचते; कारण घराची भाषा बदलली की घराचे काय होते, हे आपण रोज पाहतो. पण ही रुखरुख बाजूला ठेवून पाहिले, तर भयानकाची इतकी शुद्ध सिद्धी आपल्या पडद्यावर क्वचितच झाली आहे. विनायक कणकेची बाहुली घेऊन हस्तराकडे उतरतो आणि मूठभर मोहरा घेऊन येतो. पुढे तो आपल्या मुलालाही ही विद्या शिकवतो. बाप मुलाला पोहायला शिकवावा तसा लोभ शिकवतो, आणि मुलगा बापाला मागे टाकतो. चित्रपटातले सर्वांत भयंकर दृश्य हस्तराचे नव्हेच. मुलाच्या डोळ्यांत पेटलेली हाव हे ते दृश्य होय. आरंभीचे पुराणकथन थोडे आखडते घेतले असते, तर गूढ अधिक गहिरे झाले असते, एवढेच.

न सांगण्याची ही शक्ती आधुनिक भयपट विसरत चालला आहे. भानगढच्या किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याचा फलक आहे: सूर्यास्तानंतर प्रवेशास मनाई. त्यात भुताचा उल्लेख नाही. आणि लोकांच्या मनात भुताला तेवढीच जागा पुरते. उलट आजचा दिग्दर्शक शापाचे वर्ष, भुताचे कुळ आणि उताऱ्याची कृती सगळे सांगून मोकळा होतो. प्रेक्षकाला कल्पनेचे श्रम पडू नयेत, ही त्याची चिंता. पण भय हे त्या श्रमांचेच वेतन आहे.

तांत्रिक सामर्थ्य आज विपुल आहे आणि त्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. ‘तुंबाड’चा पाऊस त्या सामर्थ्यावाचून पडला नसता. प्रश्न आहे तो ते कोणाच्या सेवेला लावायचे हा. धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी गूढकथेला जी वाट घालून दिली, तिच्यावर भूत हे बहुधा माणसाच्या कर्माचे पत्र घेऊन येणारा टपालवाला असते. ते पत्र फाडून टपालवाल्याचाच चेहरा न्याहाळत बसणारा चित्रपट आपल्याला दचकवील, भिववणार नाही. आणि ज्या समाजाला आपल्या अपराधांचे भय वाटेनासे झाले, त्याला दचकवून तरी काय साधणार?