मोजले सर्वांनी, शिकवले कोणी?

गावातली लहान मुले वाचू लागावीत म्हणून गावानेच पुढे यावे, ही कल्पना कोणालाही आवडण्यासारखी आहे. त्यासाठी समित्या नेमल्या जातात, पालकसभा होतात, वाचनाचे मेळावे भरतात. नारळ फुटतो, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. अशा कार्यक्रमांत आम्हीही हौसेने भाग घेतलेला आहे. म्हणून पुढे जी टीका करणार आहोत, तिच्यातून आम्ही स्वतःला वगळत नाही.

विज्ञानाची रीत अशी, की हेतू कितीही चांगला असला तरी प्रश्न विचारायचा. याने फरक पडला का? आणि पडला, हे कशावरून? लोकसहभागाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. सभेला किती पालक आले ते आपण मोजतो. सभेनंतर किती मुले वाचू लागली, ते मोजायचे राहून जाते.

हा प्रश्न नेटाने विचारणारा एक प्रयोग उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये झाला. 'प्रथम' ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अभ्यासकांनी तो केला. २८० गावे निवडून त्यांचे चार गट केले. कोणते गाव कोणत्या गटात, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. उत्साही गावे एका गटात आणि सुस्त गावे दुसऱ्या गटात गेली असती, तर दिसलेला फरक कार्यक्रमाचा की गावाच्या स्वभावाचा, हे कधीच कळले नसते.

पहिल्या गटातील ६५ गावांत सभा घेतल्या. ग्रामशिक्षण समिती म्हणजे काय, तिचे अधिकार कोणते, शाळेसाठी पैसा कुठून येतो, हे लोकांना सांगितले. दुसऱ्या ६५ गावांत एवढे करून शिवाय मुलांचे वाचन तपासायची सोपी चाचणी गावकऱ्यांना शिकवली आणि त्यांच्याकडूनच गावाचे प्रगतिपत्रक तयार करून घेतले. तिसऱ्या ६५ गावांत हे सारे झालेच. शिवाय जे तरुण तयार होते त्यांना वाचन शिकवण्याची साधी पद्धत दाखवली आणि शाळेबाहेर वर्ग घ्यायला सांगितले. उरलेल्या ८५ गावांत काहीच केले नाही. ती तुलनेसाठी होती.

आधीच्या पाहणीतच डोळे उघडणाऱ्या गोष्टी दिसल्या होत्या. ग्रामशिक्षण समिती अस्तित्वात आहे, हे बहुसंख्य पालकांना ठाऊक नव्हते. समितीच्या कित्येक सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते. ज्यांच्या मुलांना वाचता येत नव्हते, अशा अनेक पालकांची समजूत मात्र 'आमच्या पोराला येते' अशीच होती.

मग सभा झाल्या, प्रगतिपत्रके लागली. आणि निकाल काय? पहिल्या दोन गटांत पालकांचा शाळेतला सहभाग वाढला नाही, शाळा बदलली नाही, मुलांचे वाचनही सुधारले नाही. माहिती मिळाली की लोक आपोआप हलतात, हे आपले आवडते गृहीतक तिथे टिकले नाही. तिसऱ्या गटात मात्र ६५ पैकी ५५ गावांत वर्ग सुरू झाले आणि मुलांचे वाचन सुधारले. आरंभी काहीच न वाचू शकणारी जी मुले या वर्गांना आली, त्यांच्यात अक्षरे ओळखू लागणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या गावांतील तशाच मुलांपेक्षा शंभरात सुमारे ६० ने जास्त असल्याचा अंदाज निघाला. शिकवणारे होते गावातलेच बिनपगारी तरुण.

यातून 'लोक उदासीन असतात' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. उदासीन असते तर हे तरुण पुढे आले नसते. आमच्या मते फरक हातात काय दिले याचा आहे. 'तुझ्या मुलाला अक्षर येत नाही' एवढे कळल्यावर आईने काय करावे? हेडमास्तरांना जाब विचारावा? समितीत बोलावे? या वाटा लांबच्या, त्यांत वाईटपणा येण्याचा धोका, आणि अधिकार नावापुरता. उलट 'रोज संध्याकाळी या दहा मुलांना घेऊन बस आणि असे शिकव' हे काम आजच सुरू करता येते. वजनकाटा कितीही अचूक असला तरी काट्यावर ठेवून बाळ वाढत नाही. त्याला खाऊ घालावे लागते.

म्हणून मोजणेच नको, असे नाही. 'असर' या नावाने २००५ पासून होणाऱ्या ग्रामीण पाहणीने आपल्याला एक खरा आरसा दिला. देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होती. करोनाकाळानंतर, २०२२ मध्ये, ती सुमारे २० टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. किती गमावले आणि किती भरून निघाले, हे काट्यामुळेच कळते. पण काट्याचे काम तिथे संपते.

आता यशस्वी ठरलेल्या तिसऱ्या गटाकडेही टीकेच्या नजरेने पाहायला हवे. त्या गावांतील मुलांपैकी सुमारे ८ टक्के मुलेच वर्गांना आली. ज्यांना मुळीच वाचता येत नव्हते त्यांच्यापैकीही आली सुमारे १३ टक्के. म्हणजे ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांतील बहुतेक आत आलीच नाहीत. स्वयंसेवकांवर विसंबलेल्या प्रत्येक उपक्रमाचे हे दुखणे आहे. जो येतो त्याला लाभ होतो. न येणारा मोजणीतूनही निसटतो.

दुसरी मर्यादा मापाची. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट ही चाचणीची उतरंड सोयीची आहे, पण तोच अभ्यासक्रम झाला तर घोटाळा होतो. देवनागरीत मुळाक्षरे ओळखणे म्हणजे वाचन नव्हे. एका 'क'ची बाराखडी होते, त्यापुढे जोडाक्षरे येतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात 'इ' नंतर येतो. कन्नडसारख्या आपल्याच जातीच्या लिपीवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अक्षरांचा हा सारा पसारा आत्मसात व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. तेव्हा दोन-तीन महिन्यांचा वर्ग ही सुरुवात झाली. एका वर्गात आम्ही एका मुलीला गोष्ट वाचायला दिली. तिने ती न अडखळता वाचली. 'मग शेवटी काय झालं गं?' असे विचारल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. चाचणीत ती उत्तीर्णच ठरली असती.

तिसरी मर्यादा वयाची. जौनपूरची मुले ७ ते १४ वर्षांची होती. वाचनाचा पाया त्याआधीच, बोलण्यात, गाण्यांत, गोष्टींत घातला जातो. इथे आपल्याच मातीतला एक जुना प्रयत्न आठवावा लागतो. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना यातून आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे वापरले. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये रुजले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

जौनपूरच्या वर्गांना जी मुले आली नाहीत, त्यांचा विचार बोर्डीत साठ वर्षे आधी झाला होता. मात्र बोर्डी-कोसबाडला तुलनेची गावे नव्हती, चाचणी नव्हती. त्यामुळे किती फरक पडला, ते आकड्यांत सांगता येत नाही. एकाकडे पुरावा आहे पण पोहोच तोकडी; दुसरीकडे पोहोच आहे पण मोजदाद नाही. आपल्याला दोन्ही हवीत.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. गावात वाचनाचा नवा उपक्रम आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. सभा संपल्यावर उद्या सकाळी कोण, कोणत्या मुलांसोबत, काय करणार? जे मूल आले नाही, त्याच्याकडे कोण जाणार? आणि मुलाला वाचलेले समजले, हे आपण कसे ओळखणार? उत्तरे मिळाली तर आपला वेळ त्या कामी जरूर द्यावा. न मिळाली, तर नारळ फोडण्याआधी तसे स्पष्ट सांगावे.

आणि 'पालक लक्षच देत नाहीत' हे वाक्य पुढच्या वेळी ओठांवर आले, की पालकांच्या हातात आपण काय दिले होते, ते एकदा आठवून पाहावे. आम्हीही तेच करणार आहोत.