परमुलखातले बिऱ्हाड

मराठीत प्रवासवर्णनांची वाण नाही. वाण आहे ती बिऱ्हाडवर्णनांची. परदेशी चार-सहा महिने राहून परतलेल्या लेखकांची पुस्तके आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दोन फळ्या भरून आहेत. परंतु जो तेथे गेला, तेथेच ज्याने चूल मांडली, तेथल्या शाळेत मुले घातली आणि तेथेच जो म्हातारा झाला, त्याचे गद्य शोधू जावे तर हाती फारसे लागत नाही. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'अपूर्वाई'ची गोडी आम्हांसही आहे. (पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते, याचा आमच्या भागातील जुन्या मंडळींना अद्याप अभिमान वाटतो.) पण त्या पुस्तकाचा सारा रस नावातच सांगितलेल्या अपूर्वतेत आहे, आणि अपूर्वता ही काही दिवसांतच ओसरणारी गोष्ट होय. वसणाऱ्याचा विषय ती ओसरल्यानंतर सुरू होतो.

या दृष्टीने पाहता सर्वांत जुना दाखला आमच्या शेजारचाच आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले ते कोल्हापुराहून, म्हणजे निपाणीपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवरून. ते छापून आलेले वाचून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघरी नेली. मात्र कादंबरीचे लक्ष त्या विलक्षण दांपत्याच्या परस्परसंबंधाकडे आहे, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतील बिऱ्हाड पाहावयाचे तर काशीबाई कानिटकरांच्या चरित्राकडे आणि आनंदीबाईंच्या पत्रांकडेच वळावे लागते. तेथे थंडी हा निसर्गवर्णनाचा विषय नसून लुगडे कसे नेसावे हा प्रश्न आहे, शेगडी नीट पेटत नाही ही तक्रार आहे, काय खावे ही रोजची विवंचना आहे. प्रवाशाला या गोष्टी गमतीच्या वाटतात. राहणाऱ्याला त्या सोडवाव्या लागतात. आनंदीबाई गेल्या होत्या परत येण्यासाठी, हे खरे. तरी मराठीतील बिऱ्हाडवर्णनाचा पाया त्यांच्या पत्रांत आहे, असे आम्ही मानतो.

त्या पदवीदान समारंभास उपस्थित राहिलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर ग्रंथ लिहिला. त्यात राज्यव्यवस्था, शिक्षण, व्यापार आणि स्त्रियांची स्थिती यांचे निरूपण आहे. बुद्धी प्रखर, दृष्टी स्वतंत्र. पण हा ग्रंथ स्वदेशास जागे करण्यासाठी लिहिलेला, म्हणून तेथे स्वतःचे बिऱ्हाड सांगण्यास अवकाश नाही.

खरे वसणे पुढे आले. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाकाठी जेमतेम शंभर जणांचा वाटा होता. १९६५ च्या कायद्याने ही राष्ट्रवार वाटणी मोडली, आणि डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ जाऊ लागले. या पहिल्या पिढीची हकीकत अपर्णा वेलणकर यांच्या 'फॉर हिअर, ऑर टू गो?' या पुस्तकात आली आहे. येथेच बसून खाणार की बांधून नेणार, हा तिकडच्या खाणावळीतील रोजचा प्रश्न. तो पुस्तकाच्या माथ्यावर ठेवण्यात मोठी मार्मिकता आहे. परंतु ही कथा ऐकून लिहिलेली आहे. बोलणाऱ्यांच्या तोंडची अडखळ, अर्धे वाक्य मराठीत आणि अर्धे इंग्रजीत टाकण्याची सवय, लेखिकेच्या सफाईदार गद्यात बरीचशी विरघळली असावी असे आम्हांस वाटते. याउलट मीना प्रभू स्वतः लंडनमध्ये राहिलेल्या. 'माझं लंडन' या नावात हक्क आहे. पण आत शिरावे तो लेखिका आपल्याला पाहुण्यासारखे शहर दाखवावयास निघते. ते काम त्या उत्तम करतात. आम्हांस मात्र त्या घराची मागची बाजू पाहावयाची होती.

ही अपेक्षा आम्ही का करतो, हे सीमाभागातील वाचकास सांगणे नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही जागचे हललो नाही, आणि तरी कचेरीची भाषा बदलली. म्हणून दुसऱ्या भाषेत वसणे म्हणजे काय, हे आम्ही शब्दांवरून ओळखतो. अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कानडीतून मराठीत आले ते नात्यांत आणि पानाच्या तबकात जाऊन बसले. आता त्यांना कोणी परके म्हणत नाही. परदेशस्थ मराठी गद्यातील इंग्रजी शब्द पाहा: ते मोटार, कर्ज, बर्फ आणि नोकरी यांच्याभोवती घोटाळतात. उंबऱ्याच्या आत त्यांना लेखक येऊ देत नाही, जरी घरात मुले तीच भाषा बोलत असली तरी. निपाणीत पिठाची गिरणी चालवून लिहिणाऱ्या महादेव मोरे यांच्या मोटारवाल्यांच्या कथा याशेजारी ठेवून पाहाव्या. निपाणीच्या त्या लेखकाच्या ड्रायव्हर-क्लीनरांच्या तोंडी इंग्रजी शब्द कानडी-मराठीशी इतके मिसळले आहेत की, वेगळे काढू म्हटले तर वाक्यच मोडते. न्यू जर्सीच्या मराठी लेखकापेक्षा इंग्रजी निपाणीच्या गॅरेजात अधिक वसली, हे विचित्र वाटेल. पण वाङ्मयाचा पुरावा तरी तसाच आहे.

कारण आमच्या मते भीतीचे आहे. मराठी पातळ होईल या धास्तीने परदेशस्थ लेखक ती इस्त्री करून ठेवतो, सणाच्या वस्त्रासारखी. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी शाळाही चालतात. त्या चालविणाऱ्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस आदर आहे, कारण शाळा चालविणे कशाशी खातात हे आम्ही जाणतो. आमच्याकडेही मराठी पालक आणि कानडी पालक, इतर बाबतींत कितीही भांडोत, मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याच्या बाबतीत एकमताचे आहेत. इंग्रजीभाषी मुलूख असा न बोलावता आमच्या गल्लीत उतरला आहे, आणि त्यात बिऱ्हाड कसे करावे याचा धडा आम्हांस तिकडच्या लेखकांकडूनच हवा आहे. त्यांनी सणाचे वस्त्र बाजूस ठेवून रोजच्या वापरातली, डाग पडलेली मराठी छापावी. नातवाशी आजी फोनवर जी मराठी बोलते, ती अजून कोणत्याही पुस्तकात आमच्या वाचनात आलेली नाही.