वेष की वास्तव्य?

‘आधुनिकोत्तर’ या शब्दातील ‘उत्तर’ म्हणजे नंतरचे. परंतु मराठी कानाला त्यात जबाब हा दुसरा अर्थही ऐकू येतो. आधुनिक वास्तुकलेनंतर उदयास आलेल्या शैलींचा विचार करताना हे दोन अर्थ वेगळे ठेवणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते; कारण जे नंतर येते ते सारेच उत्तर असते असे नाही.

मूळ प्रश्न कोणता होता? पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील वास्तुकारांनी काँक्रीट, पोलाद व काच यांच्या बळावर अलंकाराचा त्याग केला. ल कॉर्बूझिए तर घराकडे राहण्याचे यंत्र म्हणून पाहू लागले. या भूमिकेत एक नैतिक तेज होते. थोडक्या खर्चात पुष्कळांना उजेड, वारा आणि स्वच्छता मिळावी, ही तिची प्रतिज्ञा होती. दोष शिरला तो तिच्या सार्वत्रिकतेच्या आग्रहात. एकच पेटीवजा इमारत कोणत्याही हवेला आणि कोणत्याही समाजाला मानवेल असे गृहीत धरले गेले, आणि राहणारा माणूस सरासरीचा आकडा होऊन बसला.

अमेरिकेत सेंट लुइस येथील प्रुइट-आयगो ही ११ मजली ३३ इमारतींची वसाहत १९७२ पासून पाडण्यात आली. चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ मध्ये या घटनेला आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू मानले. हा निकाल घाईचा होता. वसाहतीच्या ऱ्हासास देखभालीची हेळसांड, वर्णभेद आणि ओसरत चाललेले शहर यांचाही मोठा हातभार होता, हे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. परंतु दोष एकदा शैलीच्या माथी मारला, की उपायही शैलीतच शोधला जातो. झालेही तसेच.

न्यूयॉर्कमध्ये फिलिप जॉन्सन व जॉन बर्गी यांनी बांधलेली ‘एटी अँड टी’ची इमारत १९८४ मध्ये पुरी झाली. तिच्या माथ्यावर जुन्या इंग्रजी कपाटावर असते तशी मधोमध दुभंगलेली त्रिकोणी शिरोरचना आहे. कंटाळवाण्या सपाट माथ्यांच्या गर्दीत ती लक्ष वेधते. वास्तुकलेला विनोद आणि स्मृती परत मिळाली, हे श्रेय आम्ही नाकारीत नाही. तथापि माथा बदलला, तरी खालची कचेऱ्यांची उतरंड पूर्वीच्याच जातीची राहिली. प्राचीन ग्रंथांतले चार शब्द उसने घेतल्याने कवितेचे परंपरेशी नाते जुळत नाही, इमारतीचेही तेच. येथे वेष बदलला, वास्तव्य बदलले नाही.

खरे उत्तर आम्हांस अन्यत्र दिसते. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी हे ल कॉर्बूझिए यांच्याच पॅरिसमधील कार्यशाळेत घडलेले. इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांनी आखलेल्या ‘अरण्य’ वसाहतीत सुमारे साडेसहा हजार भूखंड आहेत. गरीब कुटुंबाला तेथे पूर्ण घर दिले गेले नाही. जोते, शौचालय व पाण्याची सोय देऊन पुढील बांधकाम त्याच्या ऐपतीवर आणि इच्छेवर सोपविण्यात आले. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखविली. ओटा, जिना, गच्ची आणि घरांच्या पुंजक्यांमधील मोकळा चौक यांची योजना मात्र वास्तुकाराने काळजीपूर्वक केली. ही शैली नसून केवळ नियोजन होय, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते शैलीचा उगम येथेच आहे. रहिवाशांनी पुढे मजले चढविले, रंग बदलले. शुद्धतावाद्याला हा भंग वाटेल, परंतु जी रचना असे बदल सोसते तीच आकड्याला पुन्हा माणूस करते.

पणजीची कला अकादमी हे दुसरे उदाहरण होय. सिकंदराबादेत जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू मांडवीच्या काठी बसकी पसरलेली आहे. सावलीच्या मोकळ्या मार्गाने येणारा माणूस रस्त्यावरून नदीकडे जातो. नाटकाचे तिकीट नसलेल्यासही ती आपली वाटावी अशी तिची मांडणी आहे. गोव्याच्या जुन्या घराचा एकही खांब न उचलता तिने त्याच्या व्हरांड्याचे काम केले आहे.

येथे पक्षपात मात्र होऊ नये. त्याच कोरियांच्या जयपूर येथील जवाहर कला केंद्रात नवग्रहांच्या मंडलावर नऊ चौरस योजले असून प्रत्येकाच्या भिंतीवर त्या त्या ग्रहाचे चिन्ह आहे. मधला मोकळा चौक आम्हांस मोहवितो. परंतु ग्रहांची चिन्हे समजावून सांगावी लागतात, चौक सांगावा लागत नाही. देशी परंपरेचाही वेष होऊ शकतो, हा धडा न्यूयॉर्कहून अधिक आपल्या उपयोगाचा आहे. काचेच्या इमारतींना वाड्याची महिरप चिकटविण्याचा मोह आपल्याकडेही कमी नाही.

म्हणून विद्यार्थ्यांपुढे आधुनिकोत्तर शैलींची नावे ठेवण्याआधी एक साधी कसोटी ठेवावी, असे आम्ही सुचवितो. इमारतीवरील सर्व जुनी चिन्हे मनाने पुसून टाकावी, आणि मग तेथे राहणाऱ्याला बसावयास, भेटावयास, वाढावयास काही अधिक उरते काय, हे पाहावे. उरत असेल तर ते उत्तर; नसेल तर ते केवळ नंतरचे.